टॉवरमध्ये नव्याने बसणाऱ्यांसाठी: धावपट्टीच्या अलीकडच्या चार पिवळ्या रेघा

विमान वाहतूक नियंत्रणात येऊ पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेकदा रडारचा अंधारा कक्ष असतो. कामाची खरी ओळख मात्र टॉवरमधल्या एसएमसीच्या खुर्चीवर, म्हणजे सरफेस मूव्हमेंट कंट्रोलमध्ये, लवकर होते. पुशबॅक (विमान जागेवरून मागे ढकलणं) आणि टॅक्सीचा, म्हणजे जमिनीवरून चालण्याचा, मार्ग एसएमसीकडे, धावपट्टी टॉवर कंट्रोलरकडे. या दोघांमधली हद्द पक्की डोक्यात बसवणं हे नवख्याचं पहिलं काम आहे.

ती हद्द टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे जाणाऱ्या वाटेवर, रंगवलेली असते: चार पिवळ्या रेघा, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेघा ज्या बाजूला, त्या बाजूला विमान थांबतं. मोठ्या इन्स्ट्रुमेंट धावपट्टीला (जिथे उपकरणांच्या आधारे उतरता येतं) ही जागा मध्यरेषेपासून साधारण ९० मीटरवर असते. शेजारी लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचा क्रमांक, काही ठिकाणी आळीपाळीने लुकलुकणारे पिवळे दिवे, आणि जमिनीत आडव्या रांगेत बसवलेले लाल दिवे, म्हणजे स्टॉप बार. स्टॉप बार पेटलेला असताना तो कुणीही ओलांडायचा नाही. तोंडी परवानगी मिळाली तरी वैमानिकाने थांबून विचारायचं असतं, म्हणून परवानगी देताना दिवे विझवायला विसरू नका. आणि ‘आज एकदाच’ म्हणून पेटलेल्या दिव्यांवरून कुणाला बोलावू नका. तशी सवय लागली की त्या दिव्यांचा धाक संपतो.

आता रीडबॅक, म्हणजे मिळालेली सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवणं. धावपट्टीवर येणं, उतरणं, उड्डाण, धावपट्टी ओलांडणं, तिच्या अलीकडे थांबणं आणि तिच्यावरून उलट दिशेने जाणं, या प्रत्येक सूचनेचा पूर्ण पुनरुच्चार वैमानिकाने केलाच पाहिजे. ‘होल्ड शॉर्ट ऑफ रनवे टू सेव्हन’ला (धावपट्टी २७ च्या अलीकडे थांबा) नुसतं ‘रॉजर’ (ऐकलं) आलं तर ते उत्तर नव्हे, पुन्हा विचारा. नवखा कंट्रोलर इथे हमखास घसरतो. सूचना दिली की त्याचं मन पुढच्या विमानाकडे जातं आणि कानाला अपेक्षित तेच ऐकू येतं. सारख्या वाटणाऱ्या कॉलसाइनची (रेडिओवरच्या नावाची) दोन विमानं एकाच फ्रिक्वेन्सीवर असतील, तर भलत्याच विमानाने दिलेलं उत्तर बरोबर वाटून जातं. रीडबॅक संपेपर्यंत पुढचा शब्द तोंडातून काढू नका.

मुंबईत ०९/२७ आणि १४/३२ या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. अशा ठिकाणी टॅक्सीच्या मार्गात धावपट्टी आडवी आली की ती ओलांडायची परवानगी वेगळी आणि स्पष्ट हवी. पुढचा मार्ग सांगितला म्हणजे ओलांडायला मोकळीक दिली असं होत नाही. ‘टेक-ऑफ’ हा शब्दही प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’. या शिस्तीमागे २७ मार्च १९७७ चा टेनेरिफचा अपघात आहे. धुक्यात दोन जम्बो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली.

रीडबॅक बरोबर आला म्हणजे काम झालं, असंही नाही. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर तटरक्षक दलाच्या विमानाला होल्डिंग पॉइंट (धावपट्टीअलीकडे थांबायची जागा) सी-५ पर्यंत यायला सांगितलं होतं आणि ‘नंबर वन’ म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिला असंही सांगितलं होतं. उत्तर शब्दशः बरोबर आलं. तरी ते विमान धावपट्टीवर गेलं आणि सुमारे ४० सेकंद तिथे उभं राहिलं. तिथले स्टॉप बारचे दिवे त्या वेळी सेवेत नव्हते. धावपट्टीवर कुणीतरी असल्याचा इशारा टॉवरच्या पडद्यावर उमटला, पण त्याकडे लक्ष गेलं नाही. उतरणारं एअरबस ए-३५० त्यावर धडकलं. एअरबसमधले सगळे ३७९ जण बाहेर पडले, तटरक्षक विमानातले सहापैकी पाच जण वाचले नाहीत. म्हणून उतरण्याची परवानगी देण्याआधी आणि दिल्यानंतरही, धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळ्यांनी पाहा. पडदा मदतीला आहे, काचेबाहेर बघण्याच्या बदल्यात नाही.

दुसरा शत्रू विसर. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसला कंट्रोलरने एक छोटं विमान धावपट्टीवर उभं केलं, दुसऱ्याच विमानाची स्ट्रिप, म्हणजे त्याची नोंद असलेली पट्टी, सापडेना म्हणून लक्ष तिकडे गुंतलं, आणि त्याच धावपट्टीवर बोइंग उतरवलं. ३५ मृत्यू. उपाय साधा आहे आणि तो पाळताना कंटाळा करू नये: धावपट्टीवर तपासणीची जीप गेली की ‘धावपट्टी व्यापलेली’ ही ठळक स्ट्रिप लगेच समोर ठेवायची आणि जीप बाहेर आल्याचं तिच्याकडूनच ऐकल्यावर काढायची. शिफ्ट सोपवतानाही ही स्ट्रिप बोट ठेवून दाखवा.

पुशबॅकला कमी लेखू नका. नाक कोणत्या दिशेला हवं हे सांगितलं नाही, तर मागे ढकललेलं विमान समोरच्याची वाट अडवतं. शेजारच्या दोन बेवरची (विमान उभं करण्याच्या जागांवरची) विमानं एकदम सोडू नका. बोइंग ७७७-३०० ईआरचे पंख जवळपास ६५ मीटर पसरतात, आणि मोठ्या विमानाच्या कॉकपिटमधून पंखाचं टोक सहसा दिसत नाही. ३६ मीटरपेक्षा कमी पंखविस्ताराच्या विमानांसाठी आखलेल्या टॅक्सीवेवर असं मोठं विमान पाठवलं, तर चूक तुमची.

भरतीबद्दल थोडक्यात. विमानतळ प्राधिकरणाच्या ज्युनियर एक्झिक्युटिव्ह पदासाठी भौतिकशास्त्र आणि गणितासह बी.एस्सी., किंवा कोणत्याही एका सेमिस्टरला हे दोन्ही विषय असलेली अभियांत्रिकी पदवी लागते. वयोमर्यादा २७, राखीव वर्गांना सवलत. लेखी परीक्षेनंतर आवाजाची चाचणी आणि वैद्यकीय तपासणी होते. पुण्याचा लोहगाव टॉवर हवाई दलाकडे आणि गोव्याचा दाबोळी नौदलाकडे आहे, त्यामुळे घराजवळची नेमणूक गृहीत धरू नका. इंग्रजीची किमान पातळी ४ हवी. ती दर तीन वर्षांनी पुन्हा सिद्ध करावी लागते, पातळी ५ मिळाली तर सहा वर्षांनी. तयारी करताना उच्चार झोकदार करण्यापेक्षा आकडे स्पष्ट आणि एका गतीत बोलण्याचा सराव करा.