रशियन कादंबरीवर म्युझिकल बसवताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक तालमीत नाही, स्क्रिप्टमध्येच होते. टॉलस्टॉयचं 'वॉर अँड पीस' हातात घेतलं की अख्खी कादंबरी बसवायचा मोह होतो, नेपोलियन पण हवा, लढाया पण हव्या, मॉस्कोची आग पण हवी, मग पात्रं नुसती येतात नि जातात आणि कोणातच जीव गुंतत नाही. अमेरिकन संगीतकार डेव्ह मलॉयने २०१२ मध्ये याच कादंबरीवर 'नताशा, पिएर अँड द ग्रेट कॉमेट ऑफ १८१२' हे म्युझिकल आणलं तेव्हा दुसऱ्या खंडाचा फक्त पाचवा भाग घेतला, साधारण ७० पानं. लग्न ठरलेली नताशा, लांब गेलेला आंद्रे, मध्येच घुसलेला अनातोल, आणि हे सगळं बघणारा पिएर. बस्स. त्यामुळे पहिला अंक लांबला तर गाणी कापत बसू नका, आधी एखादं उपकथानकच उडवा.

दुसरं म्हणजे नावं. रशियन माणसाला तीन-तीन नावं, वर लाडाचं वेगळं, तुम्ही एका पात्राला एकच नाव ठेवा. मलॉयने पहिलं गाणंच ओळख करून देणारं केलं, प्रत्येकाला एकेक विशेषण आणि ते परत परत.

या नाटकात जवळजवळ सगळं गाऊनच सांगतात, अगदी निवेदनसुद्धा, आणि शेवटाकडे पिएर नताशाशी काही वाक्यं नुसती बोलतो, संगीत थांबतं आणि काळजात चर्र होतं! सोपं जावं म्हणून तुम्ही आधीच मध्ये मध्ये गद्य संवाद घातले असतील तर ही जागा गेलीच समजा.

आता साउंड, इथे खरी वाट लागते. नट वाद्यं घेऊन प्रेक्षकांत फिरतात ते दिसायला भारी, पण गाणारा तुमच्या मागे आणि आवाज समोरच्या स्पीकरमधून, मग लोक माना वळवून शोधत बसतात कोण गातंय ते. गाणाऱ्यावर लाइट आधी पडू दे, मग सूर. वादकांना ताल देणारा कंडक्टर नटांना दिसत नसेल तर तो दिसेल अशी स्क्रीन बाल्कनीच्या कठड्यावर लावा, आणि माइक घेऊन स्पीकरसमोरून जायचंच नाही, फिरायचा रस्ता तालमीतच टेप लावून ठरवा.

आणि हक्क! टॉलस्टॉय १९१० मध्ये गेले, मूळ रशियन कादंबरी मोकळी आहे, पण तुम्ही वापरताय तो अनुवाद मोकळा असेलच असं नाही, आणि मलॉयची गाणी तर लायसन्सशिवाय करताच येत नाहीत. हे हॉल बुक करायच्या आधी बघा.