विद्यापीठातली व्याख्यानं आणि प्रदर्शनं: बाहेरच्या माणसाने कशी गाठायची

विद्यापीठात वर्षभर व्याख्यानं होत असतात, प्रदर्शनं लागत असतात, बरीचशी फुकट असतात आणि तरी हॉलमध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या. कुणाला विचारलं तर ठरलेलं उत्तर, "आम्हाला कळलंच नाही" नाहीतर "ते स्टुडंट्ससाठी असतं ना". त्यावर कुणीतरी सल्ला देतं की वेबसाइट बघत जा. नुसती वेबसाइट बघून काही होत नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी कॅलेंडर. मुख्य साइटवरचं 'इव्हेंट्स' पान जनसंपर्कवाल्यांचं असतं, तिथे पदवीदान, उद्घाटनं आणि पाहुण्यांचे फोटो. खरा माल विभागांच्या पानांवर, लायब्ररीच्या पानावर आणि विद्यापीठाचं म्युझियम असेल तर त्याच्या वेगळ्या साइटवर. तुमच्या आवडीचे तीन-चार विभाग निवडा, त्यांच्या न्यूजलेटरला ईमेल द्या, कॅलेंडर 'सबस्क्राइब' करायची सोय असेल तर ते फोनमध्ये जोडून टाका. सत्र सुरू होताना एकदा नीट चाळलं की बराच काळ बघावं लागत नाही. परीक्षा आणि सुट्ट्यांच्या काळात शोधत बसू नका, तेव्हा सगळं थंड असतं.

आता खरी अडचण, सूचना वाचणं. मलाही सुरुवातीला इथेच अडायला व्हायचं आणि नवीन माणसं इथेच वैतागून सोडून देतात. विद्यापीठ सूचना लिहितं ती स्वतःच्याच लोकांसाठी, त्यामुळे आपल्याला हवं ते कधीच सरळ लिहिलेलं नसतं. हे व्याख्यान आपल्यासाठी आहे की नाही हे चार ओळींतून आपणच ओळखायचं.

पहिल्यांदा प्रकार बघा, विषय नंतर. 'सेमिनार' लिहिलं असेल तर ते त्या विषयातल्या मूठभर लोकांसाठी. तिथे तुम्हाला कुणी हाकलणार नाही, पण दहाव्या मिनिटाला तुम्ही छताकडे बघत बसाल. 'कलोक्वियम' म्हणजे अख्ख्या विभागासाठी, त्यात दुसऱ्या शाखेच्या माणसालाही कळावं अशी अपेक्षा असते, विषयाची थोडी ओळख असेल तर बिनधास्त जा. 'इनॉगरल लेक्चर' हे नाव वाचून लोक उद्घाटन समारंभ समजतात आणि पुढे जातात. तसं नाहीये, नवीन प्रोफेसर झालेला माणूस आपलं आयुष्यभराचं काम सगळ्यांना समजेल असं सांगतो ते हे व्याख्यान, समोर घरची माणसंही बसलेली असतात म्हणून तो सोपं बोलतो. माझ्या मते बाहेरच्या माणसासाठी याहून चांगलं काही नाही. आणि शेवटचा प्रकार, कुणाच्या तरी नावाने किंवा देणगीतून चालणारी व्याख्यानमाला. यातल्या काहींमध्ये देणगीदारानेच अट घालून ठेवलेली असते. स्कॉटलंडच्या चार जुन्या विद्यापीठांत १८८८ पासून होणारी गिफर्ड व्याख्यानं घ्या, अ‍ॅडम गिफर्डने मृत्युपत्रातच लिहून ठेवलं होतं की ती सर्वांसाठी खुली आणि लोकांना कळतील अशी असावीत.

मग सारांश वाचा, म्हणजे ते 'अ‍ॅब्स्ट्रॅक्ट'. त्यात "आम्ही असं दाखवतो की" छाप वाक्यं, तीन-चार संक्षेप आणि दुसऱ्या कुणाच्या तरी निष्कर्षाला उत्तर असं असेल तर ते संशोधन सादरीकरण आहे, वर 'सर्वांसाठी खुले' लिहिलं असलं तरी. खुलं म्हणजे दार उघडं, समजेल याची हमी नाही. उलट सारांशात एखादा साधा प्रश्न विचारलेला असेल तर डोळे झाकून जा. सारांशच नसेल तर वक्त्याचं जुनं रेकॉर्डिंग पाच मिनिटं ऐका, लगेच कळतं.

आणि कृपा करून नाव बघून जाऊ नका. मोठा पुरस्कार मिळालेला माणूस चांगला बोलतोच असं नाही, कित्येकदा तो तीच स्लाइड्सची थप्पी घेऊन गावोगाव फिरत असतो. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनने १९६४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात सामान्य श्रोत्यांसाठी सात व्याख्यानं दिली, ती अजून लोक बघतात, पण तसा माणूस विरळा. मी तर ओळखीचं नाव आणि सेमिनार यापेक्षा अनोळखी नाव आणि इनॉगरल लेक्चर कधीही घेईन.

वेळही नीट वाचा. जर्मन वळणाच्या विद्यापीठांत वेळेपुढे 'सी. टी.' लिहिलं असेल तर व्याख्यान पंधरा मिनिटांनी सुरू होतं, 'एस. टी.' असेल तर ठोक्याला. ऑनलाइन असेल तर कुठल्या देशाची वेळ दिलीय ते बघा, यात भलेभले चुकतात.

नोंदणी मागितली तर करा, नसेल तर सरळ जा. पॅरिसच्या कोलेज द फ्रान्सची स्थापना १५३० ची, तिथली व्याख्यानं आजही फुकट आणि नावनोंदणीशिवाय. पण फुकट तिकिटाचं दुखणं असं की लोक घेतात आणि येत नाहीत, त्यामुळे 'हाऊसफुल्ल' दिसलं तरी वेटिंग लिस्टमध्ये नाव टाका आणि थोडं आधी दाराशी जाऊन उभे राहा, बऱ्याचदा आत सोडतात. तुम्ही जाणार नसाल तर मात्र नोंदणी रद्द करा की बाबांनो.

प्रदर्शनाचं सोपं आहे पण दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, उद्घाटनाच्या संध्याकाळी जाऊ नका, लोकांच्या पाठी आणि हातातले ग्लास दिसतात, चित्रं दिसत नाहीत. क्युरेटर, म्हणजे प्रदर्शन मांडणारा माणूस, स्वतः फिरवून दाखवतो तो दिवस शोधा. दोन, हस्तलिखितं, जुने नकाशे, जलरंग असं कागदावरचं काही असेल तर 'सहा महिने चालू' यावर विसंबून राहू नका. कागदाला उजेड सोसत नाही, म्हणून साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) इतक्या मंद प्रकाशात ठेवतात आणि काही महिन्यांनी पानं उलटतात किंवा वस्तूच बदलतात. एखादी ठराविक वस्तू बघायची असेल तर आधी ईमेल करून विचारा, उत्तर देतात. खोली अंधारी वाटली तर तक्रार करू नका, जरा थांबा, डोळे सरावले की अक्षरं दिसायला लागतात.

लायब्ररीतलं प्रदर्शन कधीकधी गेटच्या आत असतं, ओळखपत्र जवळ ठेवा. चित्र-शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन वर्षाअखेरीला असतं आणि थोडेच दिवस चालतं, तारीख दिसली की लगेच जा.

हॉलमध्ये कडेची खुर्ची पकडा, नाही पटलं तर उठता येतं. प्रश्न विचारायचा असेल तर एकच विचारा आणि तो प्रश्न असू द्या, स्वतःचं मत सांगून शेवटी "तर यावर आपलं काय म्हणणं" असं जोडू नका, सगळा हॉल मनात शिव्या घालतो. माइक मिळाला नाही तर संपल्यावर पुढे जाऊन विचारा, वक्ते तिथे जास्त मोकळं बोलतात. निघताना दारावरच्या पोस्टरचा फोटो काढा, मालिकेतल्या पुढच्या तारखा बहुतेक वेळा त्याच पोस्टरवर खाली बारीक अक्षरात असतात.