घरातल्या मांजराला टेपवर्म झाल्यास काय करावं: गोळी, पिसवा आणि घराची सफाई

“आमची मनी उंबऱ्याबाहेर पाऊलसुद्धा टाकत नाही, मग तिला जंत झालेच कसे?” मांजराच्या शेपटीखाली पांढरं काहीतरी वळवळताना दिसलं की हा प्रश्न हमखास येतो. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: पिसू.

टेपवर्म म्हणजे आतड्यात राहणारा, फितीसारखा चपटा जंत. मांजरांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा टेपवर्म म्हणजे डिपिलिडियम कॅनायनम. याची अंडी मांजराने थेट गिळली तरी त्याला काही होत नाही. ती अंडी आधी पिसूच्या अळीने खावी लागतात. अळीची पिसू होते तोवर तिच्या पोटात जंताचं पिल्लूही तयार होतं. अंग चाटता चाटता मांजर ती पिसू गिळतं आणि सुमारे तीन आठवड्यांत आतड्यातला जंत वाढून स्वतःचे तुकडे बाहेर टाकायला लागतो. घरात पिसू यायला मांजराने बाहेर जायची गरजच नसते. घरातला कुत्रा, पाहुण्यांबरोबर आलेलं जनावर, आपले कपडे, एखादा उंदीर, कोणीही तिला आत आणू शकतं.

म्हणून या लेखात गोळीपेक्षा पिसवांना जास्त जागा दिली आहे. गोळी देणं हे सोपं काम.

आधी खात्री करा

ताजा तुकडा शिजलेल्या भाताच्या शिताएवढा असतो: पांढरा, चपटा, आणि आकसत-पसरत पुढे सरकणारा. तो गुदद्वाराभोवतीच्या केसांत, ताज्या शीवर किंवा मांजर झोपतं त्या चादरीवर सापडतो. वाळला की पिवळसर, कडक आणि तिळाएवढा होतो. अंथरुणात असे कण दिसले तर कचरा समजून झटकू नका. ओल्या कापसाने उचलून झाकणाच्या छोट्या डबीत ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. हलणारा तुकडा असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवला तरी चालतो.

विष्ठेची तपासणी निर्दोष आली म्हणून टेपवर्म नाहीच असं समजू नये. अंडी तुकड्याच्या आत बंद असतात, विष्ठेत सगळीकडे मिसळलेली नसतात, त्यामुळे ती सूक्ष्मदर्शकाखाली बरेचदा सापडतच नाहीत. इथे तुमच्या डोळ्यांनी पाहिलेला तुकडा हा जास्त भरवशाचा पुरावा.

उलटीत किंवा शीत लांब, गोल, दोन्ही टोकांना निमुळते जंत दिसले तर ते वेगळे. त्यांचं औषधही वेगळं असू शकतं.

टेपवर्म असलेलं मोठं मांजर बहुधा ठणठणीत असतं. जेवतं, खेळतं, फार तर मागचा भाग जास्त चाटतं. पिल्लाच्या अंगावर मात्र खूप पिसवा असतील आणि हिरड्या फिकट दिसत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तिथे खरा धोका जंतांचा नसतो, पिसवांनी रक्त पिऊन आणलेल्या अशक्तपणाचा असतो.

पिसवांचा माग काढा

बारीक दातांची फणी घ्या आणि पांढरा कागद ओला करून मांजराखाली पसरा. मानेमागून सुरुवात करून पाठीवरून शेपटीच्या मुळापर्यंत सावकाश विंचरा. फणीत अडकलेले काळे कण कागदावर झटका आणि मिनिटभर थांबा. साधी धूळ काळीच राहते. कणाभोवती तांबूस-तपकिरी वर्तुळ पसरलं तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचंच पचलेलं रक्त. जिवंत पिसू सापडली तर नखाने चिरडायला जाऊ नका. साबणाच्या पाण्यात फणी बुडवली की ती बुडून मरते.

फणीत काहीच आलं नाही तरी पिसवा नाहीत असं नव्हे. मांजर स्वच्छताप्रिय प्राणी आहे, अंगावरच्या पिसवा ते गिळून टाकतं. आणि पिसू गिळल्याशिवाय हा टेपवर्म होतच नाही. (फक्त मांजराच्या केसांतल्या एका प्रकारच्या उवाही हे काम करू शकतात, पण ते क्वचित.) त्यामुळे तुकडा दिसला म्हणजे पिसवा होत्या किंवा आहेत, असंच धरून चाला.

औषध

टेपवर्मवरचं नेहमीचं औषध प्राझिक्वाँटेल. ते गोळीत मिळतं, इंजेक्शनमध्ये मिळतं आणि मानेवर टाकायच्या थेंबांतही मिळतं. डोस वजनावर ठरतो, म्हणून अंदाज न करता वजन करा. आधी स्वतः वजनकाट्यावर उभं राहा, मग मांजराला उचलून घेऊन पुन्हा उभं राहा, आणि फरक काढा.

“जंताची गोळी दिली होती, तरी पुन्हा झाले” या तक्रारीमागे अनेकदा चुकीची गोळी असते. नुसत्या पायरँटेलने गोल जंत मरतात, टेपवर्म मरत नाही. फेनबेंडाझोल काही टेपवर्मवर चालतं, पण पिसवांमधून येणाऱ्या या प्रकारावर त्याचा भरवसा नाही. पाकिटावर प्राझिक्वाँटेल लिहिलेलं आहे का, आणि औषध मांजरासाठी आहे का, हे दोन्ही बघून घ्या. अगदी लहान पिल्लं, गाभण मांजर आणि आजारी मांजर यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका.

ही गोळी कडू असते. चघळली की मांजर तोंडाला फेस आणतं आणि माणसं घाबरतात. तो चवीचा त्रास असतो, बहुतेक वेळा थोड्या वेळात थांबतो. गोळी थेट देणार असाल तर मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळा, वरून गालाच्या हाडांपाशी डोकं धरा, नाक किंचित वर करा, खालचा जबडा बोटाने उघडा आणि गोळी जिभेच्या मागच्या भागावर टाका. मग तोंड मिटून गळ्यावरून हात फिरवा आणि सिरिंजने थोडंसं पाणी गालाच्या बाजूने द्या. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर झटापट करू नका. थेंबांचं औषध किंवा डॉक्टरांकडचं इंजेक्शन घ्यावं, हे माझं स्पष्ट मत. एकदा चावा बसला की पुढची प्रत्येक गोळी युद्ध होते.

गोळीनंतर शीत मेलेला जंत दिसेल म्हणून वाट पाहू नका. औषधाने तो सुटतो आणि आतड्यातच पचून जातो, त्यामुळे बहुतेकदा काहीच दिसत नाही. आणि औषधाचा परिणाम मागे उरत नाही. आज जंत मेले, उद्या मांजराने पिसू गिळली, तर चक्र पुन्हा सुरू.

लसूण चारण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. लसूण आणि कांदा मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. जंत राहतात तसेच, वर मांजर आजारी पडतं.

पिसवांचं औषध त्याच दिवशी, घरातल्या सगळ्या प्राण्यांना

एका मांजराला औषध लावून दुसरं मांजर आणि कुत्रा तसेच सोडले तर सगळं पाण्यात जातं. सेलामेक्टिन, फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, फ्लुरालेनर अशी औषधं मांजरांसाठी मिळतात. कोणतं घ्यायचं ते वय, वजन आणि तब्येत पाहून डॉक्टर ठरवतील.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी: कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यातल्या अनेकांत परमेथ्रिन असतं आणि मांजराचं यकृत ते नीट निकामी करू शकत नाही. थरथर, झटके, मृत्यू इथपर्यंत वेळ जाते. चुकून लागलंच तर लक्षणांची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना फोन करा. घरातल्या कुत्र्याला असं औषध लावलं असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ जाऊ देऊ नका. टी ट्री तेलासारखी सुगंधी तेलंही मांजराच्या अंगाला लावायची नाहीत, ‘नैसर्गिक’ असली तरी.

घर

पिसवांपैकी जेवढ्या मांजराच्या अंगावर दिसतात त्या एकूण संख्येच्या अगदी थोड्या. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोष या रूपात घरात पसरलेल्या असतात. एक मादी दिवसाला चाळीसच्या आसपास अंडी घालू शकते. ती केसांना चिकटत नाहीत, मांजर जिथे लोळतं तिथे घरंगळतात. अळ्या उजेड टाळतात, गालिच्याच्या तळाशी आणि सोफ्याच्या फटींत शिरतात आणि मोठ्या पिसवांची वाळलेली विष्ठा खातात. टेपवर्मचे तुकडेही नेमके त्याच जागी पडून फुटतात. म्हणजे मांजराची लाडकी झोपायची जागा हाच या सगळ्याचा कारखाना. सफाई तिथून सुरू करा, घरभर फिनाइल शिंपडत बसू नका. शिवाय फिनाइलसारखे जंतुनाशक मांजराला विषारी असतात.

अंथरूण, उशांचे अभ्रे, मांजराची गादी 60 अंश तापमानाच्या पाण्यात धुवा. गालिचा, सोफ्याच्या खाचा, पलंगाखालची जागा आणि भिंतीलगतच्या कडा व्हॅक्यूम करा. व्हॅक्यूमच्या थरथरीने कोषातल्या पिसवा बाहेर येतात, आणि तेच हवं असतं, कारण कोषात असताना त्यांना कोणतंच औषध सहसा लागू पडत नाही. पिशवी किंवा डबा लगेच घराबाहेर रिकामा करा. व्हॅक्यूम नसेल तर गालिचा बाहेर नेऊन झाडा आणि फरशी ओल्या फडक्याने पुसा.

फवारा वापरायचाच असेल तर मिथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेनसारखी अळीची वाढ रोखणारी औषधं असलेला निवडा. फवारणीच्या वेळी मांजर दुसऱ्या खोलीत ठेवा, माशांची टाकी झाका, आणि सगळं वाळल्यावरच मांजराला आत येऊ द्या. खोलीच्या मधोमध ठेवून सोडायच्या धुराच्या डब्यांवर माझा विश्वास नाही. धूर सोफ्याखाली पोचत नाही आणि अळ्या तिथेच असतात.

कोष कित्येक महिने शांत पडून राहू शकतात. त्यामुळे औषध लावल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पिसवा दिसल्या तर औषध वाया गेलं असं समजून मध्येच सोडू नका. किमान तीन महिने खंड न पडता चालू ठेवा.

घरातल्या माणसांचं काय

मांजराला कुरवाळल्याने हा टेपवर्म माणसाला होत नाही. माणसालाही पिसूच गिळावी लागते. असं क्वचितच घडतं आणि घडलं तर बहुधा जमिनीवर खेळणाऱ्या, हात तोंडात घालणाऱ्या लहान मुलांच्या बाबतीत. मुलाच्या शीत पांढरे हलणारे तुकडे दिसले तर मुलांच्या डॉक्टरांना तुकडा दाखवा आणि घरात मांजर आहे हे आवर्जून सांगा. नाहीतर ते नेहमीचे बारीक कृमी समजले जातात आणि उपचार चुकतो. मांजराची गोळी माणसाने घ्यायची नाही.

लिटर बॉक्स रोज साफ करा, हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. गर्भवती स्त्रीने हे काम दुसऱ्यावर सोपवावं. त्यामागचं कारण टेपवर्म नसून टॉक्सोप्लाझ्मा हा वेगळा परजीवी आहे. शीतून बाहेर पडल्यावर त्याला संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजच्या सफाईला महत्त्व.

तुकडे पुन्हा दिसले तर

आधी तारीख पाहा. गोळीनंतर तीन-चार आठवड्यांनी तुकडे दिसले तर नवी लागण, म्हणजे पिसवा अजून घरात आहेत. दोन-चार दिवसांतच दिसले तर डोस कमी पडला, गोळी थुंकली गेली किंवा औषधच वेगळं होतं. पिसवांचा मागमूस नाही, पण मांजर उंदीर मारून खातं, असं असेल तर जंत टीनिया टीनीफॉर्मिस हा असू शकतो. त्याचं पिल्लू उंदराच्या यकृतात वाढतं. औषध तेच, प्राझिक्वाँटेल. फक्त मग पिसवांच्या मागे न लागता उंदीर आत येतात ती भोकं बुजवायला घ्या, आणि उंदरांसाठी विष ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर ते विष मांजराच्या पोटात जातं.