कामगाराच्या बाजूने वकिली: इंदूरच्या लेबर कोर्टात येऊ पाहणाऱ्यांसाठी

लेबरच्या कामात पैसा आहे का? नवी मुलं-मुली चेंबरमध्ये येतात तेव्हा हाच प्रश्न त्यांच्या मनात असतो, पण विचारायला संकोचतात. म्हणून मी आधीच सांगून टाकते. पहिली काही वर्षं हात आखडून काढावी लागतात. आपला पक्षकार म्हणजे ज्याची नोकरी नुकतीच गेली आहे तो माणूस, त्याच्याकडून एकरकमी मोठी फी येणार कुठून? आणि ‘जिंकलो तर मिळेल त्यातले इतके टक्के माझे’ असा करार करायला भारतात वकिलाला मनाई आहे. बार कौन्सिलच्या आचारनियमांत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. अमेरिकेतले वकील तशी फी घेतात, म्हणून इथेही कोणी तसा सल्ला देईल. तो ऐकू नका.

माझी रीत अशी आहे: टायपिंग, नोटरी, स्पीड पोस्टचा खर्च पक्षकाराचा, आणि फी टप्प्याटप्प्याने. दावा दाखल होताना थोडी, साक्षीच्या वेळी थोडी, शेवटच्या युक्तिवादाला उरलेली. शिवाय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव घाला. १९८७च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. ही गोष्ट कामगारांना तर माहीत नसतेच, पण बऱ्याच वकिलांनाही नसते. पॅनेलचं मानधन थोडं असलं, तरी ज्या वयात उलटतपासणी शिकायची त्या वयात हातात खटले येतात.

पात्रतेचा भाग लवकर सांगून संपवते. पदवीनंतर तीन वर्षांची किंवा बारावीनंतर पाच वर्षांची एलएलबी, मग जबलपूरच्या राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा. नोंदणीची फी सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलांना एकच जादा सूचना: खालच्या कोर्टाचं कामकाज हिंदीतून चालतं. आपण बोलतो छान, पण कायद्याची हिंदी लिहिता येणं वेगळं. जुने निवाडे हिंदीतून वाचा आणि रोज एक पान हिंदीत लिहा.

इंदूर हे या कामासाठी फार चांगलं शहर आहे. राज्याची राजधानी भोपाळ, पण श्रमायुक्तांचं मुख्यालय इंदूरला आहे. औद्योगिक न्यायालयाचं मुख्य पीठही इथलंच, आणि उच्च न्यायालयाचं खंडपीठ महात्मा गांधी मार्गावर. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी या कापड गिरण्यांचं हे गाव. होमी दाजींसारखा गिरणी कामगारांचा पुढारी १९६२ मध्ये इथून लोकसभेवर निवडून गेला होता. गिरण्या गेल्या, आणि आता काम येतं ते सांवेर रोडवरून, पीथमपूरहून, शोरूम आणि खासगी रुग्णालयांतून, सुपर कॉरिडॉरवरच्या कंपन्यांतून. पीथमपूर इंदूरला लागून असलं तरी धार जिल्ह्यात येतं, तेव्हा दावा कुठे चालेल ते आधी पाहा. बँक किंवा विमा कंपनीतला कर्मचारी आला तर त्याचा वाद केंद्र सरकारच्या औद्योगिक न्यायाधिकरणात, म्हणजे जबलपूरला जातो. इंदूरच्या माणसाला तारखेसाठी जबलपूर गाठावं लागतं, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा.

आता ज्या मुद्द्यावर निम्मे खटले अडतात तो: हा माणूस कायद्याच्या अर्थाने कामगार आहे का? पदनामावर जाऊ नका. नेमणूकपत्रात ‘असिस्टंट मॅनेजर’ असं लिहिलेलं असतं आणि माणूस दिवसभर मालाच्या नोंदी करत असतो. त्याला विचारा, सकाळी गेल्यापासून संध्याकाळी निघेपर्यंत काय करत होतात? कोणाची रजा मंजूर करता येत होती का? कोणाला कामावर घेण्याचा किंवा काढण्याचा अधिकार होता का? देखरेखीचं काम करणाऱ्यांना पगाराची मर्यादा आहे. १९४७च्या जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात ती शेवटी १०,००० रुपये होती, त्याच्या जागी आलेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० आहे. शिक्षक कामगार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरांबाल प्रकरणात १९८८ मध्येच सांगितलं, त्यामुळे शाळेतून काढलेली बाई आली तर तिच्यासाठी वेगळी वाट शोधावी लागते. औषध कंपनीच्या प्रतिनिधींना मात्र १९७६च्या स्वतंत्र कायद्याने संरक्षण होतं, आता नव्या संहितेतल्या कामगाराच्या व्याख्येतच ते येतात. टाय लावून फिरणारा मुलगा कामगार कसा, असं समोरचा वकील म्हणेल. तेव्हा ती व्याख्या समोर ठेवायची, आणि जुन्या प्रकरणात तो कायदा.

पहिली भेट. माझ्या मते या वकिलीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम तिथेच होतं, आणि नवे वकील तीच भेट पंधरा मिनिटांत उरकतात. आपल्या मराठी घरांत तर नोकरी गेली की माणूस ती आधी घरातच लपवतो. डबा घेऊन निघतो, दिवसभर राजवाड्याच्या बागेत बसतो आणि वेळेवर घरी येतो. असा माणूस समोर बसला की तो आधी स्वतःचीच बाजू लंगडी करून सांगतो: “ताई, चूक माझीपण असेल.” त्याला बोलू द्या. मध्ये कायदा सांगू नका. सगळं ऐकून झालं की मग तारखा लिहायला घ्या: कधी लागलात, कोणत्या ठेकेदाराच्या नावावर, पगार रोख की खात्यात, शेवटचा दिवस कोणता, त्या दिवशी फाटकावर कोण होतं, नेमकं काय म्हणालं.

तारखांवर एवढा भर का, तर २४० दिवसांमुळे. काढण्याच्या आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झालेलं असेल तर कपातीआधी, म्हणजे माणूस कामावरून कमी करण्याआधी, एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांची सरासरी मजुरी भरपाई म्हणून द्यावी लागते. ती दिली नसेल तर कपात बेकायदेशीर. पण हे २४० दिवस सिद्ध करण्याचा भार कामगारावर आहे. हदीमनी प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसतं शपथेवर म्हणणं पुरेसं नाही. पुढे येल्लट्टी प्रकरणात हे थोडं सैल झालं: कामगाराने स्वतः साक्ष द्यावी, मालकाकडचं हजेरीपत्रक आणि पगारपत्रक मागवावं, आणि मालकाने ते दडवलं तर न्यायालयाला त्यावरून अनुमान काढता येतं. म्हणून दस्तऐवज मागवण्याचा अर्ज कधी टाळू नका. त्यात ‘सर्व कागदपत्रं’ असं मोघम लिहू नका. अमुक महिन्याचं हजेरीपत्रक, अमुक महिन्याचं ओव्हरटाइमचं रजिस्टर, असं नेमकं लिहा.

सांवेर रोडच्या एका कारखान्यात पॅकिंगला असलेल्या एका भाऊंचं प्रकरण माझ्याकडे होतं. कारखान्याने सरळ सांगितलं की हा आमच्याकडे कधी नव्हताच. नेमणूकपत्र नाही, ओळखपत्र कामावरून काढतानाच परत घेतलेलं. कागद काय आहे, असं विचारलं की ते ‘काही नाही’ म्हणायचे. त्यांच्या पत्नीला बोलावलं. त्यांनी घरातलं कालनिर्णय आणलं, वर्षावर्षाची जपून ठेवलेली. दुधाच्या हिशेबाशेजारी प्रत्येक चौकोनात पाळी लिहिलेली, पहिली, दुसरी, रात्रीची, कारण डबा कधी करायचा ते त्यांना त्यावरून कळायचं. एकट्या कॅलेंडरवर खटला जिंकता येत नाही. पण त्याच्याशेजारी भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकातली दर महिन्याची रक्कम ठेवली, कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) रुग्णालयाची चिठ्ठी ठेवली आणि पर्यवेक्षकाचे मोबाइलवरचे ‘आज रात्र पाळीला या’ असे संदेश ठेवले. ठेकेदाराचं नाव पासबुकात मध्येच बदललेलं होतं, पण काम, यंत्र आणि पर्यवेक्षक तेच. मोबाइलवरचे संदेश दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा. लेबर कोर्ट पुराव्याच्या काटेकोर नियमांनी बांधलेलं नसलं तरी समोरच्याला आक्षेपाची जागा कशाला द्यायची?

राजीनामा बसवून लिहून घेतलेला असेल तर दिवस नाही, तास महत्त्वाचे. त्याच संध्याकाळी ई-मेल आणि दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टने पत्र: सही दबावाखाली घेतली, मी कामावर यायला तयार आहे. महिनाभराने केलेल्या तक्रारीवर कोर्टाचा विश्वास बसवणं फार जड जातं. आणि ‘गैरहजर राहिला म्हणून नाव कमी केलं’ हा मालकांचा आवडता बचाव असतो. त्यावर १९९३चा डी. के. यादव निकाल पाठ असू द्या. चौकशी न करता नाव कमी करता येत नाही.

समेटाच्या टप्प्यावर, म्हणजे वाद कोर्टात जाण्याआधी समेट अधिकाऱ्यासमोर बोलणी होतात तेव्हा, आपण वकील म्हणून आत जाऊ शकत नाही. १९४७च्या कायद्याच्या कलम ३६ ने ते बंद केलं होतं, आणि न्यायालयातही समोरच्या पक्षाच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीनेच वकील उभा राहतो. कामगार एकटा आणि समोर वकिलांची फळी, असं होऊ नये म्हणून ही तरतूद आली. मला ती आजही योग्य वाटते, जरी तिच्यामुळे आपल्यालाच बाहेर बाकावर बसावं लागतं. तेव्हा पक्षकाराला आतल्या बोलण्याची तयारी करून द्या. काय मागायचं, कोणत्या आकड्याच्या खाली यायचं नाही, कोणत्या कागदावर वाचल्याशिवाय सही करायची नाही. युनियनचे पदाधिकारी सोबत जाऊ शकतात, म्हणून जुन्या युनियनवाल्यांशी ओळख ठेवा. त्यांना कारखाने आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतात.

उलटतपासणी चेंबरमधल्या पुस्तकातून येत नाही. वरिष्ठांच्या मागे बसून महिनोन्‌महिने ऐका. खात्यांतर्गत चौकशी करून काढलेल्या माणसाच्या प्रकरणात चौकशी अधिकारी साक्षीला येतो. त्याच्याशी वाद घालू नका, लहान प्रश्न विचारा. आरोपपत्र कोणत्या तारखेला दिलं? साक्षीदारांची यादी सोबत होती का? कामगाराला हिंदीत समजावलं का, की कागद इंग्रजीत होते? तुमचा पगार कोण देतं? ‘का’ असा प्रश्न शक्यतो टाळा, त्यात साक्षीदाराला भाषण करायला जागा मिळते. चौकशी ठीक ठरली तरी शिक्षा अवाजवी आहे हे सांगायला १९४७च्या कायद्यातलं कलम ११-अ आहे. १९७१ मध्ये आलेल्या या कलमाने न्यायालयाला शिक्षा बदलण्याचा अधिकार दिला. आणि मागच्या पगाराची मागणी करताना, या काळात मला दुसरीकडे पगारी काम नव्हतं, हे वाक्य प्रतिज्ञापत्रात हवंच. दीपाली गुंडू सुरवसे या महाराष्ट्रातल्या शिक्षिकेच्या २०१३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते नीट मांडलं आहे: कामगाराने तेवढं म्हटलं की उलट सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते.

नवी गोष्ट म्हणजे २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेने १९४७चा कायदा, स्थायी आदेशांचा कायदा आणि कामगार संघटनांचा १९२६चा कायदा यांची जागा घेतली. जुन्या काढून टाकण्याचे वाद मात्र अजून बरीच वर्षं जुन्या कलमांवर चालतील, म्हणून दोन्ही वाचावं लागेल. मुदतीचं विशेष लक्षात ठेवा. पूर्वी नोकरीवरून काढल्यापासून तीन वर्षांत थेट लेबर कोर्टात जाता यायचं. नव्या संहितेत समेटाची दारंच दोन वर्षांनी बंद होतात. ‘थांबा, मालक परत बोलावणार आहेत’ या भरवशावर बसलेली माणसं मी फार पाहिली आहेत. तुमच्याकडे असा माणूस आला तर अर्ज त्याच आठवड्यात लावा, बोलणी नंतर होत राहतील.

वेळेबद्दल खोटी आशा देऊ नका. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ला बंद पडली, सुमारे ५,९०० कामगार रस्त्यावर आले. मिल दिवाळखोरीत गेली, बँका आणि इतर देणेकरी रांगेत उभे राहिले, आणि कामगारांचे २२४ कोटी रुपये द्यायला डिसेंबर २०२३ उजाडलं. तोवर कित्येक कामगार गेले होते, पैसे घ्यायला त्यांच्या विधवा आणि मुलं आली. बत्तीस वर्षं दर रविवारी मिलच्या फाटकाशी जमणाऱ्या त्या माणसांनी या शहराला काय दिलं, ते मला शब्दांत सांगता येत नाही. पण वकिलासाठी त्यातली शिकण्याची गोष्ट व्यवहाराची आहे: वारसाची नोंद, मृत्यूचा दाखला, जुनं पगारपत्रक, हजेरी तिकीट हे ज्यांनी जपलं होतं त्यांचे पैसे लवकर सुटले. कंपनी दिवाळखोरीत निघाल्याची कुणकुण लागताच लिक्विडेटरकडे, म्हणजे कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, दावा दाखल करा. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम इतर देणेकऱ्यांच्या वाटणीत जात नाही, हे ठासून मांडा.

निवाडा बाजूने लागला की पक्षकार पेढे घेऊन येतो. पेढा घ्या, आणि त्याच दिवशी त्याच्याकडून बँकेच्या पासबुकाची प्रत, वारसाचं नाव आणि बदललेला पत्ता घेऊन ठेवा. मालक उच्च न्यायालयात जाणार हे धरूनच चाला. तिथे कामावर परत घेण्याच्या निवाड्याला स्थगिती मिळाली, तर १९४७च्या कायद्यातल्या कलम १७-ब खाली प्रकरण चालू असेपर्यंत शेवटचा पगार दर महिन्याला मागता येतो. त्याचा अर्ज आणि ‘मी बेरोजगार आहे’ हे प्रतिज्ञापत्र तयार ठेवा, नोटीस आल्याच्या आठवड्यात ते दाखल झालं पाहिजे. स्थगिती नसेल आणि तरीही मालक पैसे देत नसेल, तर वसुलीचं प्रमाणपत्र घेऊन ते जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी ती वसुली होते आणि फाइल तहसील कचेरीत जाते. तिथे पुढच्या तारखेची वाट पाहत बसायचं नाही. मालकाच्या मालमत्तेचा तपशील, त्याच्या बँक खात्याचा क्रमांक आणि कारखान्याच्या प्लॉटचा कागद हातात घेऊन स्वतः जायचं, पक्षकाराला बरोबर घेऊन.