सस्पेन्शन कोपॉलिमरायझेशन: पाण्यात विरघळणाऱ्या मोनोमरबाबत या चुका टाळा

कोपॉलिमरायझेशन म्हणजे दोन मोनोमर (पॉलिमरची साखळी ज्यांतून बनते ते लहान रेणू) एकाच साखळीत जोडणे. सस्पेन्शन पद्धतीत मोनोमर ढवळून पाण्यात थेंबांच्या रूपात ठेवतात आणि प्रत्येक थेंब हा एक स्वतंत्र रिॲक्टर मानला जातो. दोन मोनोमरपैकी एक पाण्यात बऱ्यापैकी विरघळत असेल, तर मात्र तोलून घातलेले प्रमाण थेंबात टिकत नाही, आणि ते टिकते असे गृहीत धरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

25 अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात स्टायरीन जेमतेम 0.3 ग्रॅम, मिथाइल मेथाक्रिलेट सुमारे 15 ग्रॅम, तर ॲक्रिलोनायट्राइल 70 ग्रॅमहून अधिक विरघळते. एक लिटर पाण्यात 380 ग्रॅम स्टायरीन आणि 120 ग्रॅम ॲक्रिलोनायट्राइल घेतले, तर थेंबातील स्टायरीन ॲक्रिलोनायट्राइलला ओढून धरत असल्याने पाणी त्याने संपृक्त होत नाही. तरीही ॲक्रिलोनायट्राइलचा लक्षणीय वाटा पाण्यात जातो. हे जवळपास ॲझिओट्रोपिक प्रमाण (ज्यात साखळीतही मोनोमर मिश्रणातल्याच प्रमाणात येतात) असूनही सुरुवातीच्या साखळ्यांत स्टायरीन जास्त येते, आणि पाण्यातला साठा हळूहळू थेंबात परतू लागला की शेवटच्या साखळ्यांत ॲक्रिलोनायट्राइल वाढते. मणी (थेंबांपासून बनलेले पॉलिमरचे कण) धूसर होण्याचे आणि तापवल्यावर पिवळे पडण्याचे कारण पुष्कळदा हेच असते. थोडे स्टायरीन राखून ठेवून ते अभिक्रियेदरम्यान सावकाश घालावे, उष्णता निघून जाण्यास पुरेल इतकेच पाणी घ्यावे किंवा पाण्यात मीठ मिसळून विद्राव्यता घटवावी.

गाळल्यानंतरही पाणी दुधाळ राहिले की दोष ढवळणीला दिला जातो. वास्तविक तो पाण्यातच तयार झालेला सूक्ष्म पॉलिमर असतो, आणि ढवळण्याचा वेग बदलून तो हटत नाही. इनिशिएटर (अभिक्रिया सुरू करणारे रसायन) म्हणून पाण्यात अत्यल्प विरघळणारे लॉरॉइल पेरॉक्साइड वापरावे आणि पाण्यातली अभिक्रिया रोखण्यासाठी त्यात किंचित सोडियम नायट्राइट घालावे.

मोनोमर म्हणून मेथाक्रिलिक आम्ल घेतल्यास पीएचकडे दुर्लक्ष करू नये. या आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे आम्ल आयनित होते तो) सुमारे 4.7 असल्याने उदासीन पाण्यात ते आयनित होऊन थेंबातून निघून जाते, म्हणून पीएच त्याहून बराच खाली ठेवावा लागतो. तसे केल्यास स्थिरक (थेंब एकमेकांना चिकटू न देणारा पदार्थ) म्हणून घातलेले ट्रायकॅल्शियम फॉस्फेट विरघळून मणी एकमेकांना चिकटतात (एक दुरुस्ती दुसरा बिघाड घडवते ती अशी), तेव्हा येथे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच योग्य.

पॉलिमरचे उत्पादन कमी आले म्हणून लगेच इनिशिएटर वाढवू नये. आधी गाळलेल्या पाण्यातील मोनोमर गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजावा.