बाळाचे पाऊल आत वळलेले असेल तर : क्लबफूटचे प्रकार कसे ओळखावेत

नवजात बाळाचे पाऊल आत आणि खाली वळलेले दिसले की घरात बहुधा दोन गोष्टी बोलल्या जातात. आईने ग्रहणात काही चिरले-कापले होते का, ही पहिली. आणि रोज तेल लावून चोळले की पाऊल आपोआप सरळ होईल, ही दुसरी. पहिलीला कसलाही आधार नाही. दुसरी क्लबफूटच्या एकाच, सौम्य प्रकाराबाबत थोडीफार खरी आहे, आणि शेजारच्या कोणाच्या तरी बाळाला नेमका तोच प्रकार असल्याने बाकीच्या बाळांचे मोलाचे आठवडे मालिश करण्यात निघून जातात. प्रकार समजून घ्यायचा तो यासाठी. उपचार डॉक्टरच ठरवतील. परंतु आपल्या बाळाचे पाऊल कोणत्या गटातले आहे हे पालकांना कळले, तर पुढची चार-पाच वर्षे काय आणि का करायचे हेही कळते.

क्लबफूट साधारणपणे हजार जन्मांमागे एका बाळात आढळतो. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे दुप्पट असते आणि जवळजवळ निम्म्या बाळांची दोन्ही पावले वळलेली असतात. खऱ्या क्लबफूटमध्ये चार दोष एकत्र असतात : तळव्याची कमान प्रमाणाबाहेर खोल असते, चवडा आत वळलेला असतो, टाच आतल्या बाजूला कललेली असते आणि घोटा खाली ताणलेला राहून टाच वर ओढली जाते. यांपैकी एखादाच दोष असेल तर तो बहुधा वेगळा विकार असतो. उदाहरणार्थ, फक्त चवडा आत वळलेला असून टाच जागच्या जागी असेल आणि घोटा वर सहज वाकत असेल, तर तो क्लबफूट नव्हे; पाऊल उलट वर वळून नडगीला टेकत असेल, तर तोही नव्हे.

पहिली पाहणी

बाळ शांत असताना, शक्यतो दूध पिऊन झाल्यावर, त्याचा गुडघा वाकवून पाऊल हलक्या हाताने बाहेर आणि वर वळवून पाहावे. जोर लावू नये. निरोगी नवजात बाळाचे पाऊल इतके लवचीक असते की त्याची वरची बाजू जवळजवळ नडगीपर्यंत जाते. आत वळलेले पाऊलही तसेच सहज सरळ होऊन वर जात असेल, टाचेच्या वर किंवा तळव्याच्या आतल्या कडेला खोल घडी नसेल आणि टाच भरलेली लागत असेल, तर गर्भाशयातल्या अडचणीच्या जागेमुळे पाऊल तसे राहिलेले असण्याची शक्यता मोठी आहे. यालाच स्थितिजन्य क्लबफूट म्हणतात. तो डॉक्टरांनी शिकवलेल्या ताणाच्या व्यायामाने, फार तर एखाद-दुसऱ्या प्लास्टरने बरा होतो. मालिशने पाऊल सरळ झाल्याच्या गोष्टी ऐकू येतात त्या बहुतेक याच प्रकारातल्या बाळांच्या असतात. असे पाऊलही एकदा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावेच.

पाऊल अर्ध्यावर अडत असेल तर टाच बोटाने चाचपून पाहावी. कॅनडातील अस्थिरोगतज्ज्ञ शफिक पिरानी यांनी क्लबफूटची तीव्रता मोजण्यासाठी सहा खुणांची पद्धत घालून दिली. प्रत्येक खुणेला शून्य, अर्धा किंवा एक गुण असतो आणि अधिकाधिक बेरीज 6 होते. त्यातली एक खूण म्हणजे रिकामी टाच. टाचेवर अंगठा दाबल्यावर गालासारखे मऊ लागले, तर टाचेचे हाड वर ओढले गेलेले आहे. नाकाच्या शेंड्याइतके घट्ट लागले, तर स्थिती मधली. आणि हनुवटीसारखे टणक लागले, तर हाड जागेवर आहे. प्रत्येक प्लास्टरच्या वेळी डॉक्टर कागदावर हे गुण लिहितात. पालकांनी ते विचारून घ्यावेत, कारण सुधारणा होते आहे की नाही हे डोळ्यांपेक्षा या आकड्यांवरून लवकर समजते.

जन्मतः असणारे दोन मुख्य प्रकार

बाळ इतर सर्व बाबतींत निरोगी असून पाऊल तेवढे ताठ वळलेले असेल, तर तो एकाकी क्लबफूट. बहुसंख्य बाळे याच गटातली असतात. याचे एकच असे नेमके कारण सापडत नाही. काही कुटुंबांत तो पुन्हा आढळतो, म्हणजे आनुवंशिकतेचा काही भाग असतो, पण आईच्या खाण्यापिण्याला किंवा उठण्याबसण्याला दोष देण्यात अर्थ नाही. अशा पायाची पोटरी थोडी बारीक आणि पाऊल किंचित लहान राहते, आणि उत्तम उपचारांनंतरही हा फरक पूर्णपणे जात नाही, हे आधीच माहीत असलेले बरे.

दुसऱ्या गटात क्लबफूट हे मोठ्या आजाराचे एक अंग असते. म्हणून पाऊल पाहून झाले की बाळाचे सर्व कपडे काढून ते डोक्यापासून पायापर्यंत पाहिले पाहिजे, आणि घाईच्या बाह्यरुग्ण विभागात नेमके हेच राहून जाते. पाठीच्या कण्यावर गाठ किंवा फुगा आहे का, कमरेच्या खाली केसांचा पुंजका अथवा खोल खळगा आहे का, कोपर, मनगट, गुडघे असे इतर सांधेही ताठ आहेत का, पायाभोवती दोरा आवळल्यासारखी वळी आहे का, पायाची बोटे बाळ स्वतःहून हलवते का, आणि खुब्याचे सांधे नीट आहेत का, हे पाहावे आणि डॉक्टरांना सांगावे. कण्याच्या विकारात पायाची संवेदना कमी असते, त्यामुळे प्लास्टर आत टोचले तरी बाळ रडत नाही आणि जखम उशिरा लक्षात येते. या गटातही सुरुवात प्लास्टरनेच होते. मात्र प्लास्टरे जास्त लागतात आणि पाऊल पुन्हा वळण्याचा धोका अधिक असतो.

या दोन्ही प्रकारांवर आज जगभर वापरली जाणारी पद्धत इग्नासिओ पोन्सेटी यांची आहे. 1914 मध्ये स्पेनच्या मेनोर्का बेटावर जन्मलेल्या या डॉक्टरांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात ती विकसित केली. त्यांचा जन्मदिवस, 3 जून, हा जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळला जातो. दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडे थोडे वळवायचे आणि मांडीपर्यंत, गुडघा वाकवलेल्या स्थितीत प्लास्टर घालायचे, असे साधारण पाच ते सात वेळा करावे लागते. शेवटी बहुतेक बाळांच्या टाचेमागचा स्नायुरज्जू, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, छोट्याशा छेदातून मोकळा करतात आणि तीन आठवड्यांचे अखेरचे प्लास्टर घालतात. तेवढ्या काळात तो रज्जू योग्य लांबीवर पुन्हा जुळून येतो. पूर्वी पाऊल सर्व बाजूंनी उघडून मोठी शस्त्रक्रिया करीत, परंतु तशी पावले मोठेपणी ताठ आणि दुखरी होतात असे आढळल्याने ती वाट मागे पडली.

जन्मानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत उपचार सुरू करता येतात. सव्वा महिना होईपर्यंत बाळाला घराबाहेर न काढण्याची आपल्याकडची रीत इथे बाजूला ठेवावी.

वाटेत तयार होणारे प्रकार

पुढचे तीन प्रकार बहुतांशी उपचारांत हेळसांड झाल्याने, म्हणजे आपल्याच हातून, तयार होतात.

पहिला गुंतागुंतीचा क्लबफूट. पाऊल आखूड आणि गुबगुबीत दिसते, अंगठा आखडून वर उचललेला असतो, तळव्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी खोल घडी पडते आणि टाचेच्या वरही तशीच घडी असते. काही बाळांत हे जन्मतः असते. पण पुष्कळदा प्लास्टर सैल होऊन खाली घसरते, पाऊल आत दाबले जाते आणि साध्या क्लबफूटचा असा क्लबफूट होतो. म्हणून प्लास्टर घातल्या दिवशीच बोटांच्या टोकाशी, प्लास्टरच्या कडेवर पेनने रेघ मारून ठेवावी आणि रोज पाहावे. बोटे आत जाऊ लागली की पुढच्या तारखेची वाट न पाहता प्लास्टर काढून घ्यावे. बोटे निळसर, थंड किंवा सुजलेली दिसली, अथवा दाबून सोडल्यावर त्यांचा गुलाबी रंग लगेच परत आला नाही, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. गुंतागुंतीच्या पावलाला नेहमीच्या मापाने वळवले तर ते आणखी बिघडते. नेहमीच्या क्लबफूटमध्ये पाऊल 60 ते 70 अंश बाहेर नेतात, इथे 40 अंशांच्या पुढे जात नाहीत आणि प्लास्टर घसरू नये म्हणून गुडघा अधिक वाकवतात. यासाठी अनुभवी डॉक्टरच हवेत.

दुसरा पुन्हा उद्भवलेला क्लबफूट. शेवटचे प्लास्टर निघाले की पाऊल इतके सुंदर दिसते की ते परत वळू नये म्हणून दिलेले, पट्टीने एकमेकांना जोडलेले बूट हा विनाकारण छळ वाटू लागतो. पहिले तीन महिने दिवसातले 23 तास आणि नंतर वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत रात्री व झोपेच्या वेळी ते घालायचे असतात, एकाच पायाला क्लबफूट असला तरी दोन्ही पायांत. पाऊल परत वळण्याचे सर्वांत मोठे कारण हे बूट सुटणे, हेच आहे. पहिले बाळंतपण माहेरी झालेले असेल तर प्लास्टर तिथल्या रुग्णालयात होते आणि बुटांचा काळ सासरी सुरू होतो. या बदलात कागद, बुटांचे माप आणि तपासणीची तारीख यांपैकी काही ना काही हरवते, म्हणून माहेरचे रुग्णालय सोडतानाच सासरजवळचे क्लबफूट क्लिनिक ठरवून घ्यावे. चालू लागलेल्या मुलाला टाचा टेकवून उकिडवे बसायला सांगावे. टाच उचलली जाऊ लागली, चालताना पाऊल आत वळू लागले किंवा चपलेची बाहेरची कड आधी झिजू लागली, तर पाऊल परत वळते आहे असे समजावे. तेव्हा पुन्हा काही प्लास्टरे घालतात आणि गरज पडल्यास अडीच-तीन वर्षांनंतर पावलाच्या पुढच्या बाजूचा एक स्नायुरज्जू बाहेरच्या बाजूला जोडतात.

तिसरा दुर्लक्षित क्लबफूट, म्हणजे मूल चालू लागेपर्यंत उपचारच न झालेला. असे मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर, कधी तर पावलाच्या वरच्या बाजूवर भार टाकून चालते आणि तिथे घट्टे पडतात. आता काही होणार नाही, असे अशा पालकांना सांगितले जाते ते बरोबर नाही. मोठ्या मुलांतही आधी प्लास्टरच करून पाहतात. त्याने पाऊल पूर्ण सरळ झाले नाही तरी पुढची शस्त्रक्रिया लहान होते.

खर्चाच्या भीतीने थांबू नये. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे. आशाताई किंवा अंगणवाडीतून जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे नोंद करता येते. पहिल्या भेटीला प्रसूतीचे सर्व कागद आणि पावलांचे जन्मावेळचे फोटो न्यावेत. बाळाला निघताना पोटभर पाजू नये. प्लास्टर घालत असताना दूध मिळाले की ते पाय सैल सोडते आणि डॉक्टरांना पाऊल हवे तसे धरता येते.