उन्हाळ्यात अंजिराला पाणी किती, आणि ते पोचतंय का?

पुरंदरच्या मीठा बहारातला अंजीर ऐन उन्हाळ्यात पिकतो, आणि विहिरी तळ गाठतात त्याही तेव्हाच. म्हणून 'दोन तास ठिबक सोडलं' हा हिशोब पुरत नाही. लिटर मोजा.

दुपारी झाडाची सावली सरळ खाली पडते, तिचा व्यास मोजा. 3 मीटर व्यास म्हणजे साधारण 7 चौरस मीटर. उघड्या पात्रातून दिवसाला होणारं बाष्पीभवन 8 मिमी धरलं, त्याला पात्राच्या 0.7 आणि पिकाच्या 0.8 या गुणकांनी गुणलं की साडेचार मिमी. म्हणजे 7 चौरस मीटरला, एका झाडाला रोज 31-32 लिटर. ठिबकातली गळती धरून 35. झाडाला ताशी 4 लिटरचे चार ड्रिपर असतील तर सव्वादोन तास. मुरमाड रानात हेच पाणी सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्यांत द्या, नाहीतर मुळांच्या खाली निघून जातं. आधी ताण आणि मग एकदम भरपूर पाणी, असं झालं की फळं तडकतात.

आता हे पाणी खरंच पडतंय का? पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली भांडं ठेवा, तीन मिनिटांत 200 मिली यायला हवं. शेवटी 180 च्या खाली आलं तर आधी फिल्टर धुवा, मग नळ्यांची टोकं उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. टोकं एका वेळी चार-पाचच उघडा. सगळी उघडली तर वेग मरतो आणि गाळ नळीतच बसतो.

तरीही पाणी कमीच, आणि ड्रिपरवर पांढरा क्षार असेल, तर बोअरचं पाणी जड आहे. हायड्रोक्लोरिक ॲसिडची मात्रा आधी बादलीत ठरवा: तेच पाणी 10 लिटर घ्या, पीएच पट्टी 4 दाखवेपर्यंत थोडं थोडं ॲसिड टाका आणि किती लागलं ते लिहून ठेवा. त्याच प्रमाणात व्हेंचुरीतून (खत-औषध ठिबकाच्या पाण्यात ओढून घेणारं साधन) सोडा. शेवटच्या ड्रिपरलाही पट्टी 4 दाखवू लागली की संच बंद करा, 24 तास तसाच ठेवा आणि मग टोकं उघडून धुवा. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे, चष्मा हवेतच. ब्लीचिंग पावडरशी त्याचा संबंध येऊ देऊ नका, विषारी वायू होतो.

ड्रिपर बुंध्याशी नकोत. घेराच्या कडेला, जिथे पाणी पिणारी मुळं असतात तिथे सरकवा. आळ्यात चार बोटं उसाचं पाचट पसरा, बुंध्यापासून वीतभर लांब.

शेततळ्यावर भिस्त असेल तर 200 झाडांना 60 दिवसांसाठी 4 लाख 20 हजार लिटर लागतील. शिवाय तळ्याचं जवळजवळ अर्धा मीटर पाणी नुसतं ऊनच पिऊन टाकतं, तेही धरा.